कंसाच्या दारातला पहिला

"वर्गात तुम्ही मला ओळखत नाही, बाबा. बास, एवढं एकच करा माझ्यासाठी."

लेकीने ही अट चपलेचा पट्टा ओढता ओढता घातली. वडील नवी कोरी वही छातीशी धरून दारात उभे होते. पन्नाशी उलटलेला माणूस नवी वही घेऊन कॉलेजला निघाला की तसाही तो थोडा गुन्हेगारच दिसतो. त्यात पोटच्या पोरीने ओळख विसरायला सांगितल्यावर त्यांना वही कुठे लपवावी ते कळेना.

"ओळखत नाही म्हणजे नक्की किती ओळखत नाही?" त्यांनी विचारले. ते लिफ्टचे मेकॅनिक होते. कोणती गोष्ट किती सैल आणि किती घट्ट ठेवायची, हे विचारून घेतल्याशिवाय ते हातात पाना धरत नसत.

"अजिबात नाही. समोरून आले तरी नाही."

"आणि जिन्यात पाय घसरून पडलीस तर?"

"दुसरं कोणीतरी उचलेल."

आतल्या खोलीत शिवणयंत्राचे चाक थांबले. "शिकायला निघालात की दरोडा घालायला?" आजी, म्हणजे वडिलांच्या आई, म्हणाल्या, आणि उत्तराची वाट न पाहता चाक पुन्हा फिरू लागले.

दोष तसा कोणाचाच नव्हता. दोष असलाच तर वडिलांच्या उजव्या गुडघ्याचा होता. उभी हयात लिफ्टच्या खड्ड्यात उतरण्यात आणि लोखंडी शिडीने वर चढण्यात गेल्यावर त्या गुडघ्याने आता दर पायरीला कुरकुर सुरू केली होती. कंपनीत तपासनीसाची एक जागा रिकामी होणार होती. तपासनीस खड्ड्यात उतरत नाही. तो स्वच्छ शर्ट घालून लिफ्टच्या दारात उभा राहतो आणि दुसऱ्यांना उतरायला सांगतो. जागेसाठी अट एकच होती, कॉलेजचा मध्यम बीजगणिताचा कोर्स पास हवा. "पास झालात तर खुर्ची तुमची," मॅनेजर म्हणाले होते, "नाही तर खड्डा आहेच."

वडिलांनी त्याच क्षणी ठरवून टाकले. ठरवले की ठरवले, असा त्यांचा स्वभाव होता. पण कॉलेजात नोकरदारांसाठी आणि आधी नापास झालेल्यांसाठी मिळून संध्याकाळची एकच तुकडी होती, आणि लेक गेल्याच वर्षी नेमकी बीजगणितात आपटली होती. यंदा पुन्हा नापास झाली तर कॉलेज तिला नारळ देणार होते. अशा परिस्थितीत शेजारच्या बाकावर बाप बसलेला कोणाला चालेल? वडिलांनाही ते पटले. जरासे लागले, पण पटले.

आजींना मात्र या प्रकरणात काळजी करण्यासारखे काहीच दिसत नव्हते. दोघांचाही गणिताचा पाया त्यांनी स्वतः घातला होता. त्या काळी शिवणयंत्राभोवती गल्लीतली निम्मी पोरे बसत. आजी एका पायाने यंत्र चालवत आणि तोंडाने गणिते सांगत. पोरे त्यांना शिलाईमावशी म्हणत. "माझ्या हाताखालून गेलेली पोरं आज कुठल्या कुठे पोचलीत," असे त्या नेहमी म्हणत. कुठल्या कुठे म्हणजे नेमकी कुठे, हे घरात कोणी विचारत नसे.

पहिल्याच दिवशी वर्गाने वडिलांचे नाव लिफ्टकाका ठेवून टाकले. त्यांना ते आवडले. लेकीलाही चारचौघांत त्यांना 'काका' म्हणावे लागले, ते मात्र त्यांना आवडले नाही. पण शब्द दिला होता. अडचण अशी की, वडील ज्या कामाला हात घालत ते गरजेपेक्षा जास्त चोख करत. मॅडमनी कागदांचा गठ्ठा देऊन "त्या मुलीकडे द्या" म्हटले तर ते "कोणत्या?" असे विचारत. त्या बाकावर एकच मुलगी बसलेली असे. व्हरांड्यात लेक मैत्रिणींबरोबर समोरून आली तर ते हात जोडून "नमस्कार. आपण?" म्हणत. मैत्रिणी हसून हसून भिंतीला टेकत.

"ओळखत नाही म्हणजे ओळख करून घ्यायची असं नाही हो, बाबा!" लेक घरी आल्यावर करवादे.

"मग तू अर्धवट का सांगतेस? नीट सांगत जा."

बीजगणिताच्या मॅडम वयाने लहान, अंगाने काटकुळ्या आणि नजरेने तिखट होत्या. त्यांच्या हातून खडू कधी मोडत नसे आणि वर्गातली कोणतीही हालचाल सुटत नसे. तासाला हजर असलेल्या प्रत्येकाला पास करायचेच, असा त्यांचा पण होता, आणि त्या पणाच्या आड कॉपी आली तर तिची गय नाही हा दुसरा पण होता. गृहपाठ त्या स्वतः तपासत नसत. उत्तरे फळ्यावर लिहीत आणि ज्याचे त्याने ताडून बघायचे. लेक आपली उत्तरे मैत्रिणीच्या वहीशी ताडून बघे आणि चुकली असतील तर गुपचूप तिची उतरवून घेई. वडील मात्र आपली चुकलेली उत्तरे बघून दर वेळी मनाशी म्हणत, 'फळ्यावर बहुतेक दुसरंच गणित आहे.' आईने शिकवलेले चुकीचे असेल, ही शंका त्यांच्या मनाला शिवलीसुद्धा नाही.

मग डब्यांचा घोळ झाला. वडिलांची बायको दवाखान्यात नर्स होती. ड्यूटीवर जाण्याआधी ती दोघांचे डबे भरून दोन सारख्याच निळ्या पिशव्यांत ठेवी. एक दिवस पिशव्यांची अदलाबदल झाली. डब्याचे काही नव्हते, दोन्ही डब्यांत सारखेच असे. पण वडिलांचा वाचायचा चष्मा आणि गुडघ्याचे मलम लेकीच्या पिशवीत गेले. वडिलांना पुस्तक दिसेना. लेकीच्या बाकाला मलमाचा असा काही वास सुटला, की मैत्रिणी लांब सरकून बसल्या.

मधल्या सुट्टीत दोघे जिन्याखाली, पाण्याच्या टाकीमागे भेटले. एकमेकांकडे बघायचे नाही असे ठरलेले असल्यामुळे दोघांनी पाठीला पाठ लावून पिशव्या बदलल्या. "झाकण नीट लावत जा," लेक ओठ न हलवता पुटपुटली. "अभ्यास झाला का?" वडिलांनी भिंतीला विचारले. नेमक्या तेव्हाच मॅडम जिना उतरत होत्या. सरळ समोरासमोर पिशव्या दिल्या-घेतल्या असत्या तर त्यांनी वळूनही पाहिले नसते. आता मात्र त्या पायरीवरच थांबल्या, आणि त्यांनी ते मनात पक्के नोंदवून ठेवले.

म्हणूनच परीक्षेच्या दिवशी मॅडमनी स्वतः सगळ्यांच्या जागा ठरवल्या. लिफ्टकाका दाराजवळच्या कोपऱ्यात, आणि ती मुलगी पार पलीकडे, खिडकीच्या कोपऱ्यात. मध्ये अख्खा वर्ग.

वडिलांनी प्रश्नपत्रिका आधी उलटीच धरली, मग सरळ केली. पण पहिलेच गणित बघून त्यांचा जीव भांड्यात पडला. पंधरा, उणे, कंसात क्ष अधिक तीन, बरोबर चार. क्ष काढा. कंस! कंसाचा नियम तर आईने त्यांना पाजलेलाच होता. शिवणयंत्राच्या तालावर म्हटलेले ते शब्द त्यांच्या कानात जसेच्या तसे वाजले. 'कंसाच्या दारात जो उभा, त्याचंच चिन्ह बदला. आतल्यांची झोपमोड करू नका.' बाहेर उणे आहे, म्हणजे दारात उभ्या क्षचे चिन्ह बदलले. आतले तीन झोपलेले, त्यांना हात लावला नाही. क्ष बरोबर चौदा. त्यांनी उत्तराखाली ठसठशीत दोन रेघा ओढल्या आणि समाधानाने खोकले. खड्ड्यातल्या धुळीने त्यांना खोकल्याची सवय लागली होती.

खिडकीच्या कोपऱ्यात लेकीचे ओठ हलत होते. '...त्याचंच चिन्ह बदला...' तिनेही चौदा लिहिले आणि दोन रेघा ओढल्या.

पेपर तपासताना मॅडमना पहिल्या पानावरच शंका आली आणि शेवटच्या पानापर्यंत ती खात्री झाली. कंस नसलेली गणिते दोघांचीही बरोबर होती. कंस असलेले मात्र एकूणएक गणित दोघांचेही चुकलेले, आणि चुकून आलेले उत्तर एकच. बरोबर उत्तर दोघांचे सारखे येऊ शकते. चुकीचे उत्तर आले, आणि तेही दर वेळी सारखेच आले, म्हणजे काळेबेरे आहे, हे मॅडमच काय, कोणीही म्हणाले असते. त्यांना टाकीमागच्या पिशव्या आठवल्या. मग तो खोकला आठवला. परीक्षाभर लिफ्टकाका खोकत होते आणि ती मुलगी सारखी केसांची क्लिप काढून घालत होती.

'एक खोकला म्हणजे अधिक,' मॅडम स्वतःशी म्हणाल्या, 'दोन म्हणजे उणे.' दुसऱ्या दिवशी त्यांनी दोघांना प्राचार्यांपुढे उभे केले आणि खोकल्यापासून क्लिपपर्यंत सगळे सांगितले.

प्राचार्य इतिहासाचे होते. कॉलेजात नव्यानेच आले होते आणि सगळे शांततेत मिटावे असे त्यांना मनापासून वाटे. त्यांनी दोन्ही पेपर समोर ओढले, पेन काढले आणि समोरच्या कोऱ्या कागदावर काहीतरी आकडेमोड करत मान हलवत राहिले. मॅडम उभ्या होत्या.

"मी एक संधी देते," त्या म्हणाल्या. "ज्यानं कॉपी केली त्यानं कबूल करावं. त्याचं नाव कोर्समधून कमी होईल. दुसऱ्याला पुन्हा परीक्षेला बसता येईल. कोणीच बोललं नाही तर दोघंही बाहेर."

वडिलांनी खाली बघितले. गुडघा पॅन्टच्या आत होता, तरी त्यांना तो दिसला. त्याच्यापुढे ती लोखंडी शिडी दिसली, खाली खाली उतरत गेलेली. तपासनीसाचा पांढरा शर्ट दिसला. तो त्यांनी मनात इस्त्रीसुद्धा करून ठेवला होता. मग त्यांनी बाजूला, म्हणजे जिला ते अजिबात ओळखत नव्हते तिच्याकडे बघितले. तिचा खालचा ओठ लहानपणी इंजेक्शनच्या आधी व्हायचा तसा बाहेर आला होता.

"मी केली," वडील म्हणाले.

"मी केली," लेक त्याच दमात म्हणाली.

प्राचार्यांचे पेन थांबले. मॅडमच्या कपाळावर आठी पडली. संधी देताना त्यांनी या शक्यतेचा विचार केला नव्हता.

"एकदा कोणीतरी एकानं बोला," त्या म्हणाल्या. "काका, तुम्ही कॉपी केलीत? कशी केलीत?"

"खोकून," वडील म्हणाले.

"खोकून उत्तर सांगता येईल. बघता कसं येईल?"

"म्हणजे मी खोकून विचारायचो. आणि त्या... त्या मुलीला काही माहीतच नव्हतं. ती आपली सहज क्लिप काढायची. मी त्यावरून ओळखायचो."

"क्लिपवरून चौदा ओळखलंत?"

"क्लिप मोठी आहे."

"सगळं खोटं आहे!" लेक मध्येच म्हणाली. "मीच त्यांच्या पेपरात बघितलं."

"खिडकीच्या कोपऱ्यातून दाराच्या कोपऱ्यात? अगं, तुला तर पहिल्या बाकावरून फळा दिसत नाही. दर तासाला तक्रार असते तुझी."

"लांबचं दिसत नाही, पण... फार लांबचं दिसतं."

"अहो मॅडम, तिचं काय ऐकता, ती लहान आहे," वडील पुढे सरसावले. "माझं नाव कमी करा. मी सही करतो, कुठे करायची?"

"गप्प बसा ना, बाबा!" लेक ओरडली. "नाव कमी झालं तर परत त्या खड्ड्यात उतरावं लागेल तुम्हाला! गुडघ्याचं काय होईल?"

वडिलांनी शब्द पाळण्याच्या सवयीने अजूनही तिच्याकडे न बघता, समोरच्या भिंतीकडे बघत मान खाली घातली. पण 'काका' ऐकून ऐकून कान किटलेल्या त्या माणसाला त्या एका हाकेने इतके बरे वाटले, की कोर्स गेला तरी चालेल असे क्षणभर वाटून गेले.

"बाबा?" प्राचार्य म्हणाले.

"बाप-लेक!" मॅडमचा आवाज चढला. "आणि महिनोन्‌महिने एकमेकांना नमस्कार-चमत्कार? आपण कोण, कुठले? मग कॉपी कशी झाली हे आता वेगळं सांगायला नकोच."

"मॅडम, खरं सांगू का?" वडील म्हणाले. "कॉपी नाही झाली. कोणी तरी एक सुटेल म्हणून म्हटलं आम्ही तसं. आम्हा दोघांना कंस सोडवायला एकाच माणसानं शिकवलंय, माझ्या आईनं. आणि राग मानू नका, पण त्यात चुकलंय काय, ते मला अजून कळलेलं नाही."

मॅडमनी दीर्घ श्वास घेतला. "पालकांना बोलवा."

"हिचा पालक मीच."

"मग तुमच्या पालकांना बोलवा!"

आजी आल्या त्या गळ्यात मापाची टेप तशीच ठेवून. कॉलेजची लिफ्ट बंद होती, त्यामुळे जिना चढून येईपर्यंत त्यांना चांगलीच धाप लागली होती. "लिफ्टवाल्याची आई, आणि चढायला जिना," असे म्हणत त्या प्राचार्यांच्या समोरच्या खुर्चीत बसल्या. झाला प्रकार मॅडमनी त्यांना सांगितला. आजींनी तो शांतपणे ऐकला, चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि पहिल्या गणितावर नजर टाकली.

"चौदा," त्या म्हणाल्या. "बरोबर तर आहे. यासाठी मला बोलावलंत?"

"कसं बरोबर आहे? सांगा ना," मॅडम म्हणाल्या.

"कसं म्हणजे? नियम आहे तो." आजींचा पाय जमिनीवर आपोआप यंत्र चालवू लागला. "कंसाच्या दारात जो उभा, त्याचंच चिन्ह बदला..."

"आतल्यांची झोपमोड करू नका," उरलेला नियम टेबलापलीकडून आला.

मॅडम सोडून सगळ्यांनी तिकडे बघितले. प्राचार्य स्वतःच दचकले होते.

"हे बघा, घरातल्या तिघांनी एकच चूक केली, यानं काहीच सिद्ध होत नाही," मॅडम आपल्याच नादात म्हणाल्या. "घरून ठरवून आले असतील. सर, आता तुम्हीच निर्णय द्या."

प्राचार्यांनी घसा साफ केला. समोरचा कागद त्यांनी अर्धा हाताखाली झाकला, मग झाकणे बरे नाही असे वाटून पुढे सरकवला. "मॅडम, मी मघापासून तेच म्हणणार होतो. उत्तर चौदाच येतं की. मीही दोनदा काढून बघितलं."

मॅडम खुर्चीत बसल्या. त्या खोलीत आल्यापासून त्या पहिल्यांदाच बसत होत्या.

आजींनी प्राचार्यांकडे चष्म्याच्या वरून बघितले, मग चष्म्यातून बघितले. "तू कोपऱ्यातल्या घरातला ना? गोट्या घालून घालून ज्याचे खिसे फाटायचे तो?"

"शिलाईमावशी!" प्राचार्य उठून उभे राहिले. "आमची बदली झाली आणि घर सुटलं, मग गाठच पडली नाही हो. मी इतिहास घेतला तो..." ते थांबले. कॉलेजात गेल्यावर आपल्याला गणित का झेपले नाही, याचा इतक्या वर्षांनी त्यांना उलगडा होत होता. पण समोर मावशी होत्या. "...आवड होती म्हणून घेतला," त्यांनी वाक्य पुरे केले.

"मी म्हणतच होते," आजी मुलाकडे वळून म्हणाल्या, "माझी पोरं कुठल्या कुठे पोचलीत."

मॅडमनी मान वर केली. कॉपीची केस तर बुडाली होती, कारण आता ती चालवायची तर प्राचार्यांवरही चालवावी लागली असती. पण तासाला हजर असलेल्या प्रत्येकाला पास करायचे, हा पहिला पण अजून शाबूत होता. त्या उठल्या, कोपऱ्यातल्या फळ्याकडे गेल्या आणि खडू हातात घेतला.

"आजी, लिफ्टमध्ये दहा माणसं आहेत. एका मजल्यावर तीन बायका आणि दोन पुरुष उतरले. किती उरले?"

"पाच. एवढं कळतं मला."

"आता हेच कंसात मांडू. दहा, उणे, कंसात तीन अधिक दोन. लावा तुमचा नियम."

"दारातले तीन बदलले. दहातून तीन गेले, सात. आतल्या दोघांना हात लावायचा नाही, म्हणून अधिक दोन..." आजी थांबल्या. "नऊ."

मॅडमनी फळ्यावर नऊच्या शेजारी मघाचे पाच लिहिले.

"मग दोघं पुरुष परत चढले असतील," आजी म्हणाल्या.

"काहीतरी वर विसरलं असेल," प्राचार्यांनी मावशींना साथ दिली.

"आणि हे बघा," आजींचा आवाज जरा चढला, "नुसते आकडे असले की आधी आतलं करून घ्यायचं, हे मीच शिकवलंय यांना. दाराचा नियम फक्त क्ष असला तर."

"क्ष म्हणजेसुद्धा आकडाच असतो, आजी," मॅडम आता हळू आवाजात म्हणाल्या. "फक्त त्यानं तोंड झाकलेलं असतं."

वडील फळ्यासमोर जाऊन उभे राहिले होते. इतरांना तिथे आकडे दिसत होते. त्यांना भरलेली लिफ्ट दिसत होती, वर ताणलेला दोर दिसत होता. "नाही, आई," ते म्हणाले. "मॅडमचंच बरोबर आहे. दोघं उतरले, आणि लिफ्टनं ते चढले म्हणून मोजले, तर त्या लिफ्टमध्ये मी कोणाला पाऊल ठेवू देणार नाही. कंसातले सगळेच उतरलेत. सगळ्यांची चिन्हं बदलायची." ते मॅडमकडे वळले. "मॅडम, परीक्षा परत घ्या. मी पास होणारच."

"आम्ही," लेक म्हणाली.

मॅडमनी परीक्षा परत घ्यायचे कबूल केले. निघताना आजींनी मात्र गळ्यातली टेप काढून मुठीत गुंडाळली. जिन्याच्या तोंडाशी प्राचार्य त्यांना सोडायला आले. "मावशी, वाईट वाटून घेऊ नका," ते म्हणाले. "आणि नवा नियम काय तो ठरला की मलाही कळवा."

आजींना वाईट वाटले होतेच, पण वाईट वाटून घेत बसण्यातल्या त्या नव्हत्या. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी शिलाईची कामे बाजूला ठेवली आणि मुलाला नि नातीला यंत्राच्या दोन बाजूंना बसवले. यंत्राचा ताल जुनाच होता, शब्द तेवढे नवे होते. 'कंसाचं दार उघडलं, की घरातल्या सगळ्यांना उठवा.' संध्याकाळी कामावरून आल्यावर वडील म्हणत, सकाळी दात घासताना लेक म्हणे, आणि नर्स असलेली तिची आई जांभया देत दोघांना "हळू म्हणा, मला झोपायचंय" असे सांगे. आजी एक पिढी आधी झालेली चूक निस्तरायला निघाल्या होत्या. कोणालाही झोपू द्यायचे नाही, असा त्यांचा निर्धार होता.

वर्गातही थोडा बदल झाला. परीक्षेच्या आधीच्या तासाला वडील नेहमीप्रमाणे दाराजवळच्या बाकावर बसले होते. लेक मैत्रिणींबरोबर आत आली, त्यांच्या बाकाशी थांबली आणि सगळ्या वर्गाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सरका ना, बाबा." वडील सरकले. मैत्रिणी बघत राहिल्या. मग त्यातली एक म्हणाली, "म्हणजे तो मलमाचा वास तुमचा होता, काका?" आणि हसू आले ते सगळ्यांनाच आले.

फेरपरीक्षेला मॅडमनी धोका पत्करला नाही. वडिलांना प्रयोगशाळेत बसवले आणि लेकीला ग्रंथालयात. क्लिप काढून घेतली आणि काकांना खोकल्याची गोळी दिली.

निकालाच्या दिवशी मॅडमनी दोघांचे पेपर एकदम हातात ठेवले. दोघेही पास होते, आणि नुसते कसेबसे नव्हे, चांगले पास होते. उणे कंसांची सगळी गणिते बरोबर होती. वडिलांनी पेपर एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग गुडघा दुखत असूनही ते बाकावरून ताडकन उठले, आणि उठल्यावर पुढे काय करायचे ते न सुचल्यामुळे पुन्हा बसले. लेकीने त्यांचा हात घट्ट धरला होता, तो तिने सगळ्यांसमोर सोडला नाही.

दोन्ही पेपरांत फुली मात्र एक एक होती, आणि एकाच गणितावर होती. पाच, अधिक, कंसात क्ष अधिक तीन, बरोबर बारा. या साध्या गणिताचे उत्तर प्रयोगशाळेत आणि ग्रंथालयात दोन्हीकडे उणे दहा आले होते. बाहेर अधिक असतानाही दोघांनी कंसातल्या सगळ्यांना उठवले होते. मॅडमनी या वेळी कोणाला बोलावले नाही. त्यांनी दोन्ही फुल्यांशेजारी लाल शाईने एकच ओळ लिहिली होती.

'आजींना सांगा, दाराबाहेर अधिक असेल तर आत कोणालाच उठवायचं नाही.'

घरी आल्यावर आजींनी ती ओळ चष्म्याच्या वरून वाचली, मग चष्म्यातून वाचली. मुलगा पास झाला होता, नात पास झाली होती, खड्डा सुटला होता. तरी त्यांच्या चेहऱ्यावरची काळजी काही हटेना.

"आता काय झालं, आई?" वडिलांनी विचारले.

"तुमची मॅडम हुशार आहे," आजी म्हणाल्या. "पण हे तिनं आधी सांगायला हवं होतं. मी कालच त्या प्राचार्याला फोन करून सगळ्यांना उठवायला सांगितलंय."